आंबोलीचा भेक आणि त्याचा सडा : प्रस्तावना

सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, सावंतवाडी तालुक्यातील आंबोली गावाच्या शिवारात, मृगाचा पहिला जोरकस पाऊस पडून गेल्यावर जांभ्याच्या उघड्या कातळावर जी उथळ डबकी साचतात, त्यांच्या काठाशी जमणारा, लांबीने जेमतेम इंच-दीड इंच भरणारा आणि कुशींवर हळदीसारख्या पिवळ्या पट्ट्यांची नक्षी धारण करणारा एक भेक हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. विषय आकाराने लहान आहे हे खरे. परंतु ज्या प्रजातीत या भेकाची गणना होते, ती प्रजाती, तिच्या आजवर ज्ञात असलेल्या दोन्ही जातींसह, उभ्या पृथ्वीवर केवळ महाराष्ट्राच्या हद्दीतील सह्याद्रीत राहते, ही एक गोष्ट ध्यानात घेतली तरी मराठी वाचकापुढे तिच्याविषयी स्वतंत्र पुस्तक ठेवण्यास निराळे समर्थन द्यावे लागू नये. वाघ सायबेरियातही आहे, गवा मलायाच्या अरण्यातही आहे, आणि आपण ज्याला राज्यप्राण्याचा मान दिला ते शेकरूही दक्षिणेत व मध्य भारतात दूरवर आढळते. हा भेक मात्र आपल्यावाचून दुसऱ्या कोणाचाही नाही, आणि त्याच्या बऱ्यावाइटाचे उत्तरदायित्व वाटून घेण्यास शेजारचे एखादे राज्यही पुढे येऊ शकत नाही.

या भेकाच्या सोयऱ्याची ओळख शास्त्राला त्याच्या आधी पटली. १९६३ साली पी. डब्ल्यू. सोमण यांनी सातारा जिल्ह्यातील कोयनेच्या परिसरातून एका नव्या भेकाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला कोयनेचेच नाव दिले. धरणाचा तो काळ होता. खोऱ्यातील गावे आपली घरे, शेते व दैवते यांच्यासह स्थलांतर करीत होती, महाराष्ट्राचे सारे लक्ष कोयनेच्या विजेकडे लागलेले होते, आणि अशा वेळी त्याच डोंगरांत सापडलेल्या एका बोटभर प्राण्याची वार्ता प्राणिशास्त्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारशी गेली नाही, यात कोणाला दोष देण्याजोगे काही नाही. जगातील असंख्य भेकांप्रमाणे त्यालाही ‘बुफो’ या त्या काळच्या अतिविस्तीर्ण प्रजातीत स्थान देण्यात आले. पुढे ४६ वर्षांनी, २००९ मध्ये, एस. डी. बिजू, इनेस फान बॉक्सलर, वरद गिरी, सायमन लोडर व फ्रँकी बॉस्युट या पाच संशोधकांनी शरीररचनेच्या अभ्यासाला डीएनएच्या तुलनेची जोड देऊन असे सिद्ध केले, की कोयनेचा भेक आणि आंबोलीस मिळालेला, तोवर कोणीही न वर्णिलेला हा दुसरा भेक मिळून भेकांच्या कुलातील एक स्वतंत्र शाखा होते. त्या शाखेला त्यांनी ‘झँथोफ्रिनी’ म्हणजे पिवळा भेक असे नाव दिले, आणि आंबोलीच्या जातीला तिच्या कुशीवरील व्याघ्रसदृश पट्ट्यांवरून ‘टायगरिना’ म्हटले. मराठी वृत्तपत्रे त्याला ‘आंबोली टोड’ या नावाने ओळखतात.

यात मला विशेष विचार करण्याजोगी वाटते ती गोष्ट अशी, की आंबोली हे काही दुर्गम अरण्यातील ठिकाण नव्हे. वेंगुर्ल्याच्या बंदरापासून बेळगावकडे जाणारा घाटरस्ता तेथून जातो. सावंतवाडी संस्थानच्या आमदानीतच, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ते थंड हवेचे ठिकाण म्हणून नावारूपाला आले. हिरण्यकेशीच्या उगमाचे दर्शन घेण्यास भाविक पिढ्यान्‌पिढ्या तेथे जात आले. आणि मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारखी संस्था या प्रांतातील प्राणिजातीची नोंद शतकाहून अधिक काळ करीत आली. तरीही एवढ्या वर्दळीच्या जागी, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, एक प्राणी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपर्यंत शास्त्रीय नामाविना राहिला. त्याच आंबोलीतून २००३ मध्ये जमिनीखाली राहणाऱ्या एका पादहीन उभयचराचे वर्णन झाले, २००९ मध्ये एका झुडपी बेडकाला आंबोलीचे नाव मिळाले, आणि २०२० मध्ये हिरण्यकेशीच्या मंदिरालगतच्या पाण्यातून एक नवी मत्स्यजाती समोर आली. एका गावाच्या शिवेत इतके काही निघावे, याचे कारण तेथील भूमीत आणि पर्जन्यात शोधावे लागते, आणि या पुस्तकाचा मोठा भाग म्हणूनच भेकाला कमी व त्याच्या भूमीला अधिक वाहिलेला आहे.

भेक आणि बेडूक यांतील भेदाचा ऊहापोह पुढील प्रकरणांत सविस्तर आला आहे. येथे आवश्यक तेवढेच सांगतो. भेकाची त्वचा सामान्यतः बेडकाच्या त्वचेहून कोरडी व खरबरीत, पाय आखूड, आणि चाल लांब उड्यांची नसून सरपटत किंवा टुणटुणत जाण्याची असते. त्याच्या मुखात दात नसतात. पाणी तो तोंडाने पीत नाही, ओल्या भूमीला टेकलेल्या त्वचेतून शोषून घेतो, आणि ज्या त्वचेतून पाणी आत येते त्याच त्वचेतून पाण्यात मिसळलेले विषही आत येते, ही गोष्ट शेतातील फवारणीचा विचार करणाऱ्याने विसरता कामा नये. पावसाळ्यात आपल्या अंगणात, दिव्याखालचे किडे टिपीत बसणारा जो सर्वपरिचित भेक आहे, तो एका खेपेस हजारो अंड्यांच्या लांबच लांब माळा पाण्यात सोडतो. त्यातील बहुतेक अंडी नष्ट झाली तरी त्याचा वंश अबाधित राहतो, आणि म्हणूनच तो शहराच्या गटारापासून शेताच्या बांधापर्यंत सर्वत्र सुखाने नांदतो. आंबोलीच्या भेकाचा संसार याच्या नेमका उलट आहे. त्याची अंडी संख्येने फार थोडी असतात, आणि ती घालण्यासाठी त्याला विहीर, तळे, ओढा यांपैकी काहीही चालत नाही; त्याला लागते ते कातळावरचे, पावसाने भरलेले, ओंजळी-दोन ओंजळींपासून परातीएवढ्या पाण्याचे उथळ डबके.

हा कातळ म्हणजे काय, हे नीट समजल्यावाचून पुढचे काहीच समजणार नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि त्यांतून आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सिद्ध झाला. त्यानंतरच्या दीर्घ काळात उष्ण हवा व मुबलक पाऊस यांच्या संयोगाने या पाषाणाच्या वरच्या थरातील सिलिका व इतर विद्राव्य द्रव्ये धुऊन गेली, लोहाची व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली, आणि तांबूस, सच्छिद्र, उन्हावाऱ्याने कठीण होत जाणारा जांभा तयार झाला. १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारात या दगडाचे शास्त्रीय नामकरण केले. कोकणातील गवंडी मात्र त्याच्याही पूर्वीपासून या दगडाचे चिरे काढून भिंती रचीत आला आहे. घाटमाथ्यावर व कोकणात जेथे या जांभ्याचा सपाट, विस्तीर्ण, जवळजवळ मातीविरहित पृष्ठभाग उघडा पडलेला असतो, त्यास लोक सडा म्हणतात. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, ऐन कड्याच्या धारेवर वसलेली आहे. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे प्रथम याच भिंतीवर आदळतात, आणि तेथे वर्षाकाठी साधारण ७००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील बहुतेक सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो, हे या प्राण्याच्या जीवनक्रमाचे खरे सूत्र आहे.

एप्रिल-मे महिन्यांत सडा पाहणाऱ्यास तो उजाड वाटतो. दगड तापून पायाला चटके बसतात, भेगांतून वाळलेल्या गवताची खुंटे उभी असतात, आणि कडेच्या अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांच्या सदाहरित राईतून बाहेर पडलेल्या माणसाला ही एखादी वैराण जागा भासावी यात नवल नाही. परंतु त्याच भेगांत, त्याच दगडांच्या पोटात, जीवन दडून बसलेले असते. पाऊस सुरू झाला की प्रथम शेवाळ हिरवे होते. मग दगडाच्या खळग्यांत साठलेल्या चिमूटभर मातीतून गवते व कंद वर येतात. आणि श्रावणाच्या सुमारास तेरड्याचा गुलाबी, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा, गेंदाचा पांढरा असे रंग एकामागून एक त्या पठारावर उतरत जातात. यांतील सीतेची आसवे आणि दवबिंदू या वनस्पती कीटकभक्षक आहेत. ज्या भूमीत नत्राचा इतका दुष्काळ आहे की वनस्पतींनाही शिकार करून पोषण मिळवावे लागते, त्या भूमीला दरिद्री म्हणावे की कुशल म्हणावे, हा प्रश्न मला त्यांच्याकडे पाहताना नेहमी पडतो, आणि माझा कौल दुसऱ्या पक्षाला आहे. साताऱ्याजवळचे कासचे पठार आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे, २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेशही झाला; परंतु कास हे अशा पठारांच्या मोठ्या परिवारातील केवळ एक आहे, आणि आंबोली, चौकुळ, गेळे येथील सडे त्याच परिवारातील आहेत.

याच पठारावर, पहिल्या पावसाने खळगे भरले की, आंबोलीचा भेक बाहेर येतो. अंधार पडल्यावर नर डबक्याच्या काठी, ओल्या दगडावर बसून साद घालू लागतात, माद्या त्या सादेच्या रोखाने येतात, आणि उथळ पाण्यात अंडी घातली जातात. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील मंडूकसूक्ताने वर्षभर मौन पाळून पर्जन्याच्या आगमनाने बोलू लागणाऱ्या मंडूकांची तुलना व्रतस्थ ब्राह्मणांशी केली आहे; ते निरीक्षण ज्या कवीने केले त्याने वर्षागमाची अशी एखादी रात्र कान देऊन ऐकली असली पाहिजे. आंबोलीच्या सड्यावर मात्र हा घोष फार थोड्या कंठांचा असतो, आणि जमिनीवर कान टेकण्याइतक्या धीराने बसले तरच तो पावसाच्या आवाजातून वेगळा काढता येतो.

अशा डबक्यात अंडी घालण्यात लाभ आहे आणि धोकाही आहे. लाभ असा, की या पाण्यात मासे नसतात. ओढ्या-तळ्यांत राहणाऱ्या शत्रूंपासून पिले बरीचशी सुरक्षित असतात, आणि उथळ पाणी लवकर ऊब धरीत असल्याने त्यांची वाढ झपाट्याने होऊ शकते. धोका असा, की पावसाने आठ-दहा दिवस उघडीप दिली तर डबके आटते आणि त्याबरोबर त्यातील सारी पिढी जाते. उलट अतिवृष्टी झाली तर तेच डबके ओसंडून पिले कातळावरून वाहून जातात. म्हणजे या भेकाचे वर्षभराचे भवितव्य पावसाच्या एकूण प्रमाणावर तितकेसे अवलंबून नसून त्याच्या सातत्यावर आहे, आणि मोसमी पावसाचे अलीकडे जे स्वरूप अनुभवास येते, म्हणजे दीर्घ उघडीप व मग एकाच दिवशी कोसळणारी धार, ते त्याला सर्वाधिक घातक आहे. या प्रजातीच्या प्रजननाचा तपशीलवार अभ्यास निखिल गायतोंडे, वरद गिरी व कृष्णमेघ कुंटे यांनी केला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. चिखलात गुडघे टेकून, पावसाळ्याच्या रात्री डबक्यांच्या कडेला बसून केलेल्या अशा कामाला आपल्याकडे जितका आदर मिळावयास हवा तितका मिळत नाही, असे मी खेदाने नमूद करतो.

आता ज्या विषयासाठी ही प्रस्तावना मुख्यत्वे लिहावयास घेतली, त्याकडे वळतो. हा प्राणी ज्या भूमीवर जगतो, त्या भूमीची आपल्या दप्तरात नोंद काय आहे? गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जी पाहणी व जमाबंदीची पद्धत मुंबई इलाख्यात रूढ केली, तिचा हेतू सरकारचा आकार ठरविण्याचा होता. जमीन किती पिकते व त्यावरून किती सारा बसवावा, हे तिला पाहावयाचे होते. त्या दृष्टीने जी जमीन पिकत नाही ती खराबा. तिच्यावर सारा नाही, म्हणून तिची चौकशी नाही. महसुलाच्या हिशेबापुरते हे वर्गीकरण योग्यच होते, आणि ज्या रयतेवर नापीक कातळाचा सारा बसला नाही तिला त्याचा दिलासाच होता. दोष शिरला तो नंतर, जेव्हा केवळ आकारणीसाठी केलेला हा भेद भूमीच्या गुणाविषयीचा निवाडा म्हणून वापरात आला. जे पिकत नाही ते निरुपयोगी, जे निरुपयोगी ते कोणालाही कोणत्याही कामासाठी द्यावे, ही विचारसरणी सातबाऱ्याच्या उताऱ्यातून धोरणात उतरली, आणि स्वातंत्र्योत्तर काळात केंद्र सरकारने तयार केलेल्या देशातील पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही उघड्या खडकाळ भूमीला पडीक जमिनीच्या वर्गातच बसविण्यात आले. सीतेच्या आसवांनी निळा झालेला सडा हा त्या नकाशावर ओसाड ठिपका आहे.

याचे परिणाम घाटमाथ्यावर सर्वत्र दिसतात. कोल्हापूर जिल्ह्यातील कित्येक पठारे बॉक्साइटसाठी खणली गेली. साताऱ्याच्या चाळकेवाडीवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. कोकणात चिरेखाणींनी सडेच्या सडे कापून नेले. आणि जेथे यांपैकी काही झाले नाही तेथे वृक्षारोपणाच्या उत्साहात कातळ फोडून ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपे लावण्यात आली. या शेवटच्या प्रकाराविषयी मला विशेष दुःख होते, कारण तो सद्‌बुद्धीने केला जातो. झाड लावणे हे पुण्य आहे ही आपली धारणा चुकीची नाही. परंतु जेथे निसर्गाने लक्षावधी वर्षे झाड वाढू दिले नाही, तेथे ते हट्टाने वाढविणे हे त्या जागी जन्मलेल्या जीवांना हाकलून लावणे आहे. सड्यावर सावली पडली की तेथील गवत बदलते, पालापाचोळ्याने खळगे बुजतात, आणि ज्या डबक्याची वाट पाहत हा भेक आठ महिने दगडांच्या फटींत काढतो ते डबके उरत नाही.

आंबोलीची स्वतःची अशी आणखी एक अडचण आहे. पावसाळ्यात धबधबे पाहण्यास येणाऱ्या लोकांची संख्या फार वाढली असून शनिवार-रविवारी घाटात वाहनांची रांग लागते. ज्या रात्री भेक डबक्यांकडे निघतात, त्याच पावसाळी रात्री रस्त्यावर चाकेही धावत असतात, आणि सकाळी डांबरावर चिरडलेल्या देहांतून त्या रात्रीच्या येण्याजाण्याचा हिशेब लागतो. ज्या जातीचा ज्ञात प्रदेश एका गावाच्या परिसरापुरता आहे, आणि जिची मादी अंडीही मोजकीच घालते, तिच्या बाबतीत अशा मृत्यूंची गणना वेगळी करावी लागते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने कोयनेच्या भेकाला संकटग्रस्त आणि आंबोलीच्या भेकाला अतिसंकटग्रस्त या वर्गात घातले आहे. जगभर उभयचरांचा संहार करणारी कायट्रिड बुरशी उत्तर सह्याद्रीतील बेडकांतही असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले, आणि छायाचित्रासाठी एका डबक्यातला भेक हाती घेऊन त्याच हातांनी व त्याच बुटांनी दुसऱ्या डबक्याकडे जाणाऱ्या हौशी मंडळींनी ही गोष्ट मनात ठेवणे अगत्याचे आहे.

कोयनेच्या भेकाचे दैव त्या मानाने बरे. त्याचा बराच प्रदेश कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान यांतून २०१० मध्ये साकारलेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या आश्रयाला आला. आंबोलीचा भेक मात्र माणसांच्या अगदी जवळ राहतो, आणि तेथील जमिनीचा इतिहासही गुंतागुंतीचा आहे. आंबोली, चौकुळ व गेळे येथे सावंतवाडी संस्थानच्या काळापासून ‘कबुलायतदार गावकर’ या नावाने ओळखली जाणारी सामायिक वहिवाट होती, आणि त्या जमिनींच्या हक्काचा प्रश्न पुढे दीर्घकाळ सरकारदरबारी अनिर्णित राहिला. ज्या गावकऱ्याला आपल्याच जमिनीच्या कागदासाठी दशकानुदशके खेटे घालावे लागले, त्याच्याकडे भेकासाठी आणखी जमीन सोडण्याची मागणी बाहेरच्या माणसाने तोऱ्याने करणे अन्यायाचे होईल. माझे मत असे आहे, की या प्राण्याचे रक्षण गावाला वगळून होणार नाही, आणि गावाचा हक्क मान्य केल्याने त्याला बाधाही येणार नाही. डबक्याला कुंपण लागत नाही, त्याला फक्त कोणी बुजवू नये एवढेच लागते.

त्यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीस जैवविविधता समिती स्थापून गावातील जीवसृष्टीची लोकनोंदवही तयार करण्याचा अधिकार दिला आहे, आणि त्याच कायद्याखाली २०२१ मध्ये हिरण्यकेशीचा परिसर तेथील मत्स्यजातीसाठी जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाला. देवाच्या कुंडातील माशासाठी जे एकदा घडले, ते सड्यावरील भेकासाठी घडण्यास कोणती आडकाठी आहे? लोकांच्या श्रद्धेने कुंड आधीच राखलेले होते आणि सड्याला दैवत नाही, हा फरक मी जाणतो. पण कायद्याला दैवताची अट नाही.

प्रस्तुत पुस्तकात भेकाची शरीररचना, जांभ्याची उत्पत्ती, सड्यावरील वनस्पती आणि पावसाळ्यातील महिन्यांप्रमाणे होणारे बदल यांची माहिती क्रमाने दिली आहे. ज्यांना शास्त्रीय तपशिलाची आवड नाही त्यांनी सड्याविषयीचे प्रकरण आधी वाचावे, बाकीचे मग आपोआप समजेल. आंबोली, चौकुळ व गेळे येथील ग्रामसभांना माझी विनंती आहे, की आपल्या नोंदवहीत सड्यावरच्या डबक्यांची, ती कोणत्या गट क्रमांकात आहेत त्या तपशिलासह, नोंद करून घ्यावी, आणि महसूल व वन खात्यांच्या अधिकाऱ्यांनी त्या नोंदीवर शेरा मारताना ती जागा पावसाळ्यात एकदा स्वतः पाहून यावी. आणि पावसाळ्यात घाट चढणाऱ्या वाचकाने अंधार पडल्यावर गाडी सावकाश हाकावी, ती रस्ता सोडून कातळावर चढवू नये, आणि डबक्यात पाय घालू नये.